एका अळंबीवरील शेरा

फायलींच्या सहवासात आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींस शेऱ्याचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. एका ओळीचा शेरा शतकांची परंपरा कशी झाकून टाकतो, हे सायलोसायबिन या द्रव्याच्या इतिहासात दिसते.

मेक्सिकोतील आझ्टेक लोक एका अळंबीस 'तेओनानाकात्ल' म्हणत. 'देवाचे मांस' असा त्याचा अर्थ लावतात. ती मधाबरोबर खाल्ली जाते, अशी नोंद सोळाव्या शतकात साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने केली. मिशनऱ्यांच्या रोषामुळे हा आचार डोंगराआड गेला. परंतु ओआहाका प्रांतातील माझातेक लोकांत तो टिकला. तेथे ती करमणूक नव्हती. दुखण्याचे मूळ शोधण्यासाठी रात्रीच्या अंधारात, मंत्रगायनासह करावयाचा तो विधी होता.

१९५५ साली हुआउत्ला गावी मारिया साबिना या वैदीणीने न्यूयॉर्कचे बँक-अधिकारी गॉर्डन वॉसन यांस त्या विधीत बसू दिले. १९५७ मध्ये त्यांचा लेख 'लाइफ' साप्ताहिकात आला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतील द्रव्य वेगळे केले. अळंबीच्या शास्त्रीय नावावरून त्यास नाव मिळाले. त्या ग्रीक शब्दांचा अर्थ 'टकले डोके'! १९६२ मध्ये हॉफमन गोळ्या घेऊन स्वतः हुआउत्लास गेले. गोळ्यांत अळंबीचेच सामर्थ्य आहे, असा निर्वाळा त्या निरक्षर बाईंनी दिला.

तथापि १९७० च्या अमेरिकन कायद्याने या द्रव्यास, मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांच्या पहिल्या यादीत टाकले. संशोधन दीर्घकाळ थंडावले. २०१६ मध्ये कर्करोग्यांच्या विषण्णतेवर एका मात्रेने अनेकांस महिनोन्‌महिने उतार पडल्याचे दिसले. २०२२ मध्ये औषधांस न जुमानणाऱ्या नैराश्याच्या २३३ रोग्यांवर प्रयोग झाला; २५ मिलिग्रॅमच्या मात्रेने तीन आठवड्यांत ३७ टक्क्यांस गुण आला, पण पुढे अनेकांत तो ओसरला, शिवाय काहींच्या मनात आत्मघाताचे विचारही आले. मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हे औषध धोक्याचेच. ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून अशाच तज्ज्ञांस परवानगी दिली.

'उपयोग नाही' या शेऱ्यात हुआउत्लाचा उपयोग मोजलाच गेला नव्हता. बाहेरच्यांच्या झुंडी तेथे लोटल्या, विधीचे पावित्र्य गेले, बाईंचे घर जाळले गेले. १९८५ मध्ये त्या निवर्तल्या. आज फाईल पुन्हा उघडली आहे. ज्यांनी ज्ञान दिले त्यांच्या देण्याची नोंद त्या फाईलीत कोण करणार, हा प्रश्न आमच्या मते अजून निकालात निघालेला नाही.