यूरिक अम्ल : आरोप आणि गौरव

रोगाच्या संगतीत प्रथम आढळलेल्या पदार्थाला पुढे निर्दोष ठरणे कठीण जाते. शेले या रसायनज्ञाने १७७६ मध्ये यूरिक अम्ल मुतखड्यातून वेगळे काढले. १७९७ मध्ये वुलस्टनने गाऊटच्या गाठींत त्याचेच लवण दाखविले. आरोपाला खरे बळ आले ते आल्फ्रेड गॅरड या लंडनच्या वैद्यामुळे. गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात हे अम्ल वाढलेले असते, हे त्याने १८४८ मध्ये सिद्ध केले. त्याची ‘धाग्याची कसोटी’ मोठी साधी होती. उथळ काचपात्रात थोडा रक्तरस घ्यावयाचा, त्यात ॲसिटिक अम्ल मिसळून एक धागा सोडावयाचा, आणि एक-दोन दिवसांनी धाग्यावर स्फटिक जमले की नाही ते पाहावयाचे. रक्ताच्या रासायनिक तपासणीवरून निदान करण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

गॅरडचे प्रतिपादन गाऊटभोवतीच फिरत होते. पुढील पिढीला हा संयम राहिला नाही. अलेक्झांडर हेग याने १८९२ मधील ग्रंथात डोकेदुखीपासून विषण्णतेपर्यंत नाना व्याधींचे खापर या एकाच अम्लावर फोडले. आज त्याचे हसू येते. परंतु एका पदार्थात सर्व रोगांचे मूळ पाहण्याची हौस हेगबरोबर संपली, असे म्हणवत नाही.

विसाव्या शतकात पारडे फिरले. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज हे एंझाइम यूरिक अम्लाचे विघटन करते. मानवाच्या पूर्वजांत त्याचे जनुक निकामी झाले. ‘क’ जीवनसत्त्व घडविण्याची शक्तीही आपल्या वंशाने गमावलेली. तेव्हा एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली नसेल काय, असा तर्क १९७० मध्ये प्रॉक्टरने मांडला. १९८१ मध्ये एम्स व त्याच्या सहकाऱ्यांनी हे अम्ल मुक्त मूलकांना निष्प्रभ करते असे प्रयोगाने दाखविले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘गृहीतक’ हा शब्द होता. उद्धृत करणाऱ्या अनेकांच्या लेखी तो जणू नव्हताच.

कारण हा गुण रक्तद्रवासारख्या जलीय माध्यमातला आहे. मेदपेशींवरील २००७ च्या प्रयोगांत हेच अम्ल पेशीच्या आत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढविताना आढळले. शिवाय झँथीन ऑक्सिडेज हे एंझाइम ते निर्माण करते तेव्हा सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइडही उत्पन्न होऊ शकतात. मग रक्तातील वाढलेले अम्ल हे अपायाचे कारण समजावे, अपायाबरोबर निपजलेली खूण समजावी, की शरीराने उभारलेला प्रतिकार? केवळ प्रमाण मोजून याचा निवाडा होत नाही. रक्षक आणि भक्षक ही आवडती जोडी, माझ्या मते, या प्रश्नाला बगल देते.

निवाड्याचा मार्ग एकच : प्रमाण हेतुपुरस्सर बदलून परिणाम पाहणे. अमेरिकेत पार्किन्सनच्या २९८ रुग्णांपैकी काहींना इनोसीन देऊन त्यांचे यूरिक अम्ल वाढविण्यात आले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रोगाची गती मंदावली नाही, मुतखडे मात्र वाढले. उलट दिशेचा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. हृद्‌रोग असलेल्या सुमारे ५,९०० वृद्धांपैकी निम्म्यांना हे अम्ल घटविणारे ॲलोप्युरिनॉल देण्यात आले. २०२२ च्या अहवालानुसार हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वा हृद्‌रोगजन्य मृत्यू यांत फरक पडला नाही. गाऊटचे रोगी या चाचणीतून वगळलेले होते. त्यामुळे गॅरडने जेथे स्फटिक पाहिले, त्या रोगातील या औषधाच्या उपयोगाला तिने धक्का लागत नाही.