मांडीवरची पाटी: छोट्या विमानातल्या टॅब्लेटची कुळकथा

छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये आज दिसणाऱ्या टॅब्लेटचा मूळपुरुष म्हणजे वैमानिकाच्या मांडीला पट्ट्याने बांधलेला कागदी नकाशा. पहिल्या महायुद्धाच्या काळातली विमाने उघडी असत. एक हात विमान वळवायच्या दांड्यावर, म्हणजे स्टिकवर, आणि दुसरा इंजिनाच्या खटपटीत गुंतलेला. समोरून वाऱ्याचा असा मारा येई, की हातात धरलेला कागद क्षणात उडून जावा. तेव्हा नकाशात काय आहे, याच्या आधी तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न सोडवावा लागला. पुढची शंभर वर्षे साधने बदलत गेली, तरी दर वेळी हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

१५ मे १९१८ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क यांच्यात नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली. तिची जबाबदारी मेजर रूबेन फ्लीट यांच्याकडे होती. त्या दिवसाच्या छायाचित्रात ते विमानाशेजारी उभे आहेत आणि घडी घातलेला नकाशा त्यांच्या मांडीवर बांधलेला स्पष्ट दिसतो. वॉशिंग्टनहून पहिले टपाल घेऊन निघालेला लेफ्टनंट जॉर्ज बॉइल मात्र रस्ता चुकला. निरोपाला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन हजर होते. जायचे होते उत्तरेला, पण बॉइल दक्षिणेकडे गेला आणि मेरीलँडमधल्या वॉल्डॉर्फ गावाजवळ उतरताना त्याचे विमान उलटले. त्या काळी हवेतून वाट शोधण्याची रीत म्हणजे खालचे रेल्वेचे रूळ पाहत जाणे. चुकीचा रूळ पकडला, की नकाशाचा काही उपयोग उरत नसे.

नकाशा उडू नये म्हणून काही विमानांत लाकडी पेटी बसवत. तिच्यात गोल फिरणारे दोन रूळ असत. लांब पट्टीसारखा नकाशा एका रुळावरून दुसऱ्यावर गुंडाळत न्यायचा आणि काचेखाली तेवढाच प्रदेश दिसायचा. पण ठरलेल्या वाटेवरून थोडे बाजूला सरकले, तरी वैमानिक नकाशाबाहेर जाई. अमेरिकी टपाल खात्याने १९२१ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गाचे एक मार्गदर्शन-पुस्तक छापले. त्यात नदी, रूळ, गाव, उतरण्याची जागा अशा खुणा अंतरासह लिहिलेल्या होत्या. वाटाड्याने सांगावे तशा. हवाई नकाशे काढण्याचे काम १९२६च्या कायद्याने किनारी सर्वेक्षण खात्याकडे आले. आधी एकेका मार्गाचे पट्टी-नकाशे निघाले आणि १९३० साली मिशिगनच्या दक्षिण भागाचा पहिला ‘सेक्शनल’ नकाशा आला. या नकाशांचे प्रमाण १:५,००,००० होते. पट्टीच्या दोन्ही बाजूंचा मुलूख कागदावर आल्यामुळे, वाट सोडली तरी आपण कुठे आहोत हे शोधता येऊ लागले.

भूप्रदेश कळला, तरी विमानतळाची माहिती कुठेच नव्हती. धावपट्टी किती लांब, शेवटी झाडे आहेत की तारा, जवळची टेकडी किती उंच, हे ज्याला ठाऊक तो उतरे. बाकीचे नशिबावर हवाला ठेवत. एल्रे जेपसन या टपाल-वैमानिकाने १९३०च्या सुमारास दहा सेंटला एक काळी वही विकत घेतली. सुटी पाने घालता-काढता येतील अशी ती वही होती. सॉल्ट लेक सिटी ते शायेन हा रॉकी पर्वतातला मार्ग त्याच्या वाट्याला होता आणि तिथल्या हिवाळ्याने त्याचे अनेक सहकारी गिळले होते. जेपसन प्रत्येक मैदानाचा आराखडा काढी, उतार आणि अडथळे टिपून ठेवी. वाटेवरच्या शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही वहीत असत. उड्डाणाआधी फोन करून त्यांच्याकडचे हवामान विचारता येई. सुटीच्या दिवशी उंची मोजण्याचे यंत्र बरोबर घेऊन तो धुराड्यांवर, मनोऱ्यांवर, टेकड्यांवर चढे आणि त्यांची उंची वहीत उतरवी. सोबतचे वैमानिक वहीची नक्कल मागू लागले. १९३४ साली त्याने सॉल्ट लेक सिटीतल्या घराच्या तळघरातून ती दहा डॉलरला विकायला सुरुवात केली. तिचा खरा गुण सुट्या पानांत होता. एखाद्या विमानतळावर काही बदलले, की तेवढेच पान बदलायचे, अख्खे पुस्तक टाकून द्यायचे नाही. टॅब्लेटवर आज जी माहिती दर २८ दिवसांनी ताजी करून घ्यावी लागते, त्या पद्धतीचे बीज या वहीत आहे. या पानांनी किती जीव वाचवले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण विमानविद्येत जेपसनइतके उपयोगी काम फार थोड्यांच्या हातून झाले आहे.

याच काळात हिंदुस्थानातही टपाल हवेतून निघाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. वाट दाखवणारे रेडिओ-साधन विमानात नव्हते. किनारा, नद्या, रूळ आणि होकायंत्र यांवरच सगळी मदार होती. पस मॉथची केबिन बंदिस्त असल्याने नकाशा उडण्याची भीती तेवढी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मांडीवरच्या नकाशाची पाटी झाली. पट्ट्याने मांडीला बांधायची, वर चिमटा, त्यात नकाशा आणि टिपणाचा कागद, शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. तिला ‘नीबोर्ड’ हे नाव पडले. तिच्या जोडीला गोल फिरणारी गणनपट्टी आली. अमेरिकी नौदलाच्या फिलिप डाल्टनने ती घडवली. वाऱ्याने विमान किती बाजूला ढकलले जाईल आणि पुढच्या गावी किती वाजता पोचेल, हे तिच्यावर मिनिटभरात निघे. ‘ई-सिक्स-बी’ या नावाने ती आजही शिकाऊ वैमानिकांच्या हातात दिसते.

आपले ठिकाण नकाशावर आपोआप उमटावे ही इच्छाही जुनीच. १९५०च्या दशकात ब्रिटिश ‘डेका’ पद्धतीत जमिनीवरच्या केंद्रांतून येणाऱ्या रेडिओलहरींवरून विमानाचे स्थान काढले जाई. तिच्या नोंदयंत्रात कागदी नकाशा रुळांवरून पुढे सरके आणि एक लेखणी आडवी हलत विमानाची वाट काढत जाई. रेडिओलहरींच्या रेषांशी जुळावा म्हणून तो नकाशा वेडावाकडा ताणलेला असे. त्यावर ओळखीचा प्रदेशही परका वाटे. तरीही आजच्या सरकत्या नकाशाचा खरा आजोबा तोच आणि त्यातही जुन्या लाकडी पेटीतले ते दोन रूळ आहेतच.

नंतर उपग्रह आले. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर उपग्रहांवरून स्थान सांगणारे जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याची घोषणा अमेरिकेने केली. मे २००० मध्ये नागरी लहरींत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्यात आली आणि शंभर मीटरच्या घरातली अनिश्चितता एकदम कितीतरी पटींनी घटली. हातात मावणारी जीपीएस यंत्रे छोट्या विमानांत त्याआधीच शिरली होती. त्यांचा पडदा लहान आणि किंमत भारी. मोठ्या कंपन्यांचे वैमानिक १९९०च्या दशकात लॅपटॉप वापरू लागले. पण छोट्या विमानात लॅपटॉप उघडला, की स्टिक मागे ओढायला जागा राहत नसे.

एप्रिल २०१० मध्ये पहिला आयपॅड विक्रीला आला. वजन सुमारे ६८० ग्रॅम, पडदा ९.७ इंची. म्हणजे साधारण १९.७ सेंटिमीटर उंच आणि १४.८ सेंटिमीटर रुंद. जेपसनच्या कंपनीचे छापील पान २१.६ बाय १४ सेंटिमीटरचे असते. विमानतळावर उतरण्याचा तक्ता त्यामुळे जवळजवळ मूळ आकारात पडद्यावर मावला आणि डोळ्यांना नवी सवय लावावी लागली नाही. टॅब्लेट या शब्दाचा मूळ अर्थही छोटी पाटीच. ‘फोरफ्लाइट’सारखी ॲप्स त्याच वर्षी आयपॅडवर आली. २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने एका खासगी जेट कंपनीला कागदाऐवजी आयपॅड वापरण्याची परवानगी दिली. त्याआधी ५१,००० फुटांवर हवेचा दाब अचानक नाहीसा झाल्यास आयपॅड टिकतो का, याची चाचणी झाली होती. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांसाठी मुभा मिळाली आणि वैमानिकाची सुमारे १६ किलोची कागदी बॅग गेली.

खासगी छोट्या विमानांसाठी वाट आधीच मोकळी होती. २००७च्या अमेरिकी मार्गदर्शक परिपत्रकानुसार कागदाची जागा इलेक्ट्रॉनिक पडदा घेऊ शकतो. माहिती ताजी हवी आणि कागदावर जे दिसते ते सगळे पडद्यावर दिसायला हवे. यंत्रापासून विमानाच्या उपकरणांना बाधा होत नाही, हे ठरवण्याची जबाबदारी वैमानिकावर. ढगांतून उपकरणांच्या आधारे उडताना मात्र टॅब्लेटच्या जीपीएसला मुख्य साधन मानत नाहीत.

आता निवडीचा आणि बसवण्याचा प्रश्न. हे दोन प्रश्न वेगळे समजणे ही नवख्यांची सर्वात मोठी चूक. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक बनलेले विमान, पण त्याची केबिन जेमतेम एक मीटर रुंद; दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. मोठा टॅब्लेट योकवर, म्हणजे स्टिकऐवजी असलेल्या चाकासारख्या मुठीवर, लावला, की त्यामागे उपकरणांच्या फळीवरची खालची बटणे आणि फ्यूज दडतात. २०१२ मध्ये ७.९ इंची, सुमारे ३०८ ग्रॅमचा आयपॅड मिनी आला तेव्हा छोट्या विमानवाल्यांनी त्याचे स्वागत केले, ते या कारणाने. दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही: फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. सिमकार्डाचे मॉडेल घ्यावे लागते, मग त्यात सिम घातले नाही तरी चालते. नाहीतर ब्लूटूथने जोडणारे वेगळे जीपीएस घ्यावे लागते. हवेत इंटरनेटचा भरवसा नसल्याने नकाशे जमिनीवरच उतरवून घ्यायचे असतात.

बसवण्याच्या जागा तीन-चारच. योकवर क्लॅम्प लावला, तर नकाशा थेट नजरेसमोर येतो. मात्र योक पूर्ण मागे ओढून आणि दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टॅब्लेट गुडघ्याला, पोटाला किंवा फळीला अडत नाही ना, हे इंजिन सुरू करण्याआधी पाहावे लागते. सिॲटलच्या रॅम कंपनीने १९९०च्या दशकात रबर चढवलेल्या गोळ्याचे सांधे बाजारात आणले. एक इंची गोळा दोन खोबणींत धरायचा आणि बाजूचा खटका पिळला, की हवा तो कोन पक्का होतो. इंजिनाची थरथर रबर पिऊन टाकते. कॉकपिटमधल्या माउंटमध्ये हाच सांधा सर्वात जास्त भेटतो.

खिडकीवरचा सक्शन कप सोपा, पण ती खिडकी काचेची नसून ॲक्रिलिकची असते आणि बरेचदा किंचित वाकलेलीही. धूळ राहिली किंवा हवा तापून-गार झाली, की कप सुटतो. सुटलेला टॅब्लेट पायाच्या पेडलमध्ये अडकला, तर प्रसंग जिवावर बेततो. शिवाय खिडकीवर ऊन थेट पडते. ॲपलने आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सांगितले आहे; त्यापुढे पडदा अंधुक होतो, चार्जिंग थांबते आणि शेवटी तापमानाची सूचना दाखवून नकाशा गायब होतो. म्हणून जाड कव्हर काढून ठेवणे आणि हवेच्या झोताजवळ टॅब्लेट बसवणे हिताचे. पोलराइज्ड गॉगल घालून पाहिले, तर काही टॅब्लेट एका दिशेने काळेठिक्कर दिसतात. याची परीक्षा दुकानातच करता येते. कव्हरातली चुंबके होकायंत्राची सुई हलवतात. टॅब्लेट आणि होकायंत्र यांत अंतर ठेवून, टॅब्लेट जवळ-दूर करत सुई पाहिली, की किती अंतर पुरेसे हे कळते.

उरली मांडी. स्टिक असलेल्या विमानात किंवा ग्लायडरमध्ये पट्ट्याची पाटी अजून सर्वात भरवशाची. ती पडत नाही, कशाला झाकत नाही, आणि विमानात एकही खिळा ठोकावा लागत नाही. तिचा दोष एकच, पण मोठा: मान खाली जाते. बाहेर दुसरे विमान येत असताना नजर मांडीवर असते आणि ढगांत मान वारंवार खाली-वर केली, तर कानातला तोल बिघडून विमान वळते आहे असा खोटा भास होतो. म्हणून पाटी गुडघ्याजवळ, जरा तिरकी बांधतात आणि नजर एका वेळी क्षणभरच खाली नेतात.

वायर कुठून जाते, हेही महत्त्वाचे. पहिल्या आयपॅडला पूर्ण वेगाने चार्ज व्हायला २.१ अँपिअर लागत; लायटरच्या खाचेतला स्वस्त चार्जर तेवढा देत नसल्याने बॅटरी भरण्याऐवजी हळूहळू उतरत जाई. वायर योकभोवती गुंडाळली जाणार नाही इतकी आखूड आणि योक फिरवताना ताणली जाणार नाही इतकी लांब हवी.

२८ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या कितीतरी वैमानिकांचे आयपॅडवरचे नकाशा-ॲप उड्डाणाआधी बंद पडले. वॉशिंग्टनच्या एका तक्त्याची दोनदा नोंद झाली होती, एवढेच कारण. कित्येक विमाने दरवाजाशी थांबून राहिली. छोट्या विमानाचा शहाणा वैमानिक दुसरे यंत्र, निदान नकाशे उतरवलेला फोन, वेगळ्या बॅटरीवर ठेवतो आणि सीटमागच्या खिशात घडी घातलेला कागद. अमेरिकेत सेक्शनल नकाशा आजही कागदावर छापला जातो. २०२१पासून त्याची नवी आवृत्ती दर ५६ दिवसांनी निघते. प्रमाण तेच, १:५,००,०००.