अंग बाहेर येणं : इलाज जुना, गप्प बसणं त्याहून जुनं

भाताची आवणी करताना, हंडा किंवा सरपणाचा भारा वाहताना अंग बाहेर येतं, हे आपण कुणाला सांगत नाही. बाळंतपणात ओटीपोटातला आधार सैल पडतो. त्यावर जड ओझं आलं की पिशवी खाली सरकते.

यावर इलाज आहे, आणि तो आजचा नाही. गोव्यात १८९९ साली जन्मलेले, मुंबईत नावाजलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी पिशवी न काढता ती पट्टीनं वर बांधायची शस्त्रक्रिया बसवली. मूल हवं असलेल्या तरुण बाईला त्याचा मोठा आधार झाला.

पण गावातली बाई डॉक्टरपर्यंत पोचत होती का? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रियांचा एखादा तरी आजार निघाला. त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के बायकांची. हा अभ्यास १९८९ साली छापला गेला.

त्रास सुरू होताच दाखवलं, तर पुष्कळदा ओटीपोटाच्या व्यायामानं किंवा आत बसवायच्या रिंगनं भागतं. प्रत्येकीची पिशवी काढावी लागत नाही. येत्या बैठकीत हप्त्यांसोबत हाही विषय काढा. जिला त्रास आहे, तिच्यासोबत गटातली एकजण दवाखान्यात जाऊ द्या.