फाशांतून चाल

संभाव्यतेचा धडा शिकवताना आपण दोन फासे घेतो. बेरीज ७ येण्याची शक्यता ६/३६, तर २ येण्याची केवळ १/३६, इथपर्यंत विद्यार्थी सहज येतात. याच फाशांनी युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतही रचले जात असे, हे मात्र त्यांना नवलाचे वाटेल.

मोझार्टच्या मृत्यूनंतर (१७९१) काही वर्षांतच त्याच्या नावावर असा एक खेळ छापला गेला. तीन-तीन मात्रांच्या सोळा तुकड्यांचे नृत्यसंगीत तयार करायचे. प्रत्येक जागी फासे टाकायचे आणि बेरजेप्रमाणे तक्त्यातील अकरापैकी एक तुकडा उचलायचा. रचना बहुधा दरवेळी नवी, पण बेसूर कधीच नाही. कारण कोणत्या जागी कोणते तुकडे शोभतील हे माणसाने आधीच ठरवलेले होते.

तुकड्यांऐवजी सुटे सूर घेतले तर? नुसत्या फाशांनी चाल जमत नाही. चालीत पुढचा सूर मागच्या सुराशी नाते सांगतो. असे नाते मोजण्याची रीत रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली दाखवली, तीही काव्यावर. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधील २०,००० वर्ण त्यांनी तपासले. शंभरांत सुमारे ४३ स्वरवर्ण होते. पण एका स्वरवर्णानंतर लगेच दुसरा येण्याचे प्रमाण शंभरांत १३, तर व्यंजनानंतर ६६!

ही रीत संगीतात आली ती संगणकाबरोबर. इलिनॉय विद्यापीठातील लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी इलियाक संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी 'इलियाक स्वीट' रचून घेतली (१९५६-५७). तिच्या चौथ्या भागात मार्कोव्हच्या साखळ्या वापरल्या आहेत.

पुढे तारांनी जोडायच्या सुट्या घटकांचे सिंथेसायझर आले. त्यांत सूर विद्युतदाबाने ठरतो; अनेक यंत्रांत १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. अशा यंत्रांसाठी टॉम व्हिटवेल यांनी २०१२ साली 'ट्युरिंग मशीन' नावाचा घटक तयार केला. त्यात सोळा घरांची रांग असते. प्रत्येक घरात ० किंवा १. दर ठोक्याला रांग एक घर सरकते आणि शेवटचा अंक पहिल्या घरात परततो. परतताना तो बदलेल का, याची शक्यता एक फिरते बटण ठरवते. बटण मधोमध असेल तर नाणेफेकच. चाल स्थिरावत नाही. उजव्या टोकाला बदल शून्य. तीच सोळा ठोक्यांची चाल फिरत राहते. त्या टोकाच्या थोडे अलीकडे मात्र ओळखीची चाल हळूहळू रूप पालटते.

मग ही रचना यंत्राची की माणसाची? तक्ता, प्रमाण, बटण या तिन्हींवर हात माणसाचाच आहे.

वर्गात करून पाहा. फाशाच्या सहा अंकांना सा ते ध हे सूर द्या, आठ सूर काढा आणि ती ओळ गा. मग प्रत्येक फेरीत क्रमाने एकच सूर फाशाने बदला. मूळ चाल मुलांना कितव्या फेरीपर्यंत ओळखू येते, याची नोंद ठेवा.