साबणाला पुरून उरलेली शिकेकाई

तेल लावलेले लांब केस शिकेकाईने धुण्याची पद्धत महाराष्ट्रातून का गेली, याचे ठरलेले उत्तर असे, की साबण आला, शाम्पू आला, जाहिराती आल्या आणि बायकांनी जुने सोडून नवे धरले. हे उत्तर तारखांशी जुळत नाही. सनलाइट साबणाच्या वड्या हिंदुस्थानात 1888 साली उतरल्या. साबणात जनावराची चरबी असते हा सोवळ्या घरांचा मोठा आक्षेप होता. गोदरेजने 1919 च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला आणि त्या आक्षेपातली हवा गेली. टाटा ऑइल मिल्सचा हमाम 1931 चा. म्हणजे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत शहरी मध्यमवर्गाच्या न्हाणीघरात अंगाला लावायचा साबण रुळला होता आणि कपडे साबणानेच धुतले जात होते. तरीही त्याच न्हाणीघरात, त्याच बाईच्या डोक्यावर, पुढची तीस-चाळीस वर्षे शिकेकाईच पडत राहिली. नवी वस्तू आली की जुनी आपोआप मागे सरते, हा नियम इथे लागू पडला असता तर शिकेकाई पहिल्या महायुद्धानंतर लवकरच संपायला हवी होती. ती इतकी टिकली कशी, हे आधी समजले तरच ती का गेली हे समजेल.

टिकण्याचे पहिले कारण पाण्यात आहे. देशावरच्या काळ्या कातळातल्या विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात चुन्याचे क्षार असतात आणि साबणाशी संयोग झाला की त्यांचा न विरघळणारा साका तयार होतो. कपड्यावरचा साका आपटून, पिळून काढता येतो. गुडघ्यापर्यंतच्या केसांत अडकलेला साका काढायचा कसा? केस चिकट होतात, त्यांच्या जटा होतात, वाळल्यावर पांढुरका थर दिसतो. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत फेस आणणारे जे द्रव्य असते, त्याचे चुन्याशी वैर नाही. जड पाण्यातही ते आपले काम करते. यावर कोणी म्हणेल, मुंबईत तर 1860 पासून विहार तलावाचे नळाचे मऊ पाणी होते आणि कोकणातही सगळीकडे जड पाणी नाही, मग तिथे शिकेकाई का टिकली? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच पाण्याचे कारण एकटे पुरत नाही. साबण स्वभावाने अल्कधर्मी; त्याने केसाच्या वरचे खवले उचलले जातात, केस फुगतो, एकमेकांत अडकतो. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते, त्यात खवले मिटलेले राहतात. आखूड केसांच्या पुरुषाला हा फरक जाणवतही नसे, आणि पुरुषांनी डोक्याला साबण बायकांच्या कितीतरी आधी लावला. लांब केस विंचरणाऱ्या बाईला तो फरक दर धुण्याला फणीच्या दातांत सापडत होता. तेव्हा साबण नाकारण्यात जुनाटपणा नव्हता. वस्तू वापरून, पारखून केलेली ती निवड होती. पैठणीला आणि शालीला रिठाच हवा, हे ज्या हातांना कळत होते त्याच हातांनी केसांचाही निर्णय केला.

दुसरे कारण मोठे आहे, आणि माझा सगळा भर त्यावर आहे. शिकेकाई ही सुटी वस्तू नव्हतीच. ती एका मांडणीचा शेवटचा टप्पा होती आणि त्या मांडणीच्या मुळाशी तेल होते. कोकणात खोबरेल, देशावर तिळाचे किंवा करडईचे. ऐपतीप्रमाणे त्यात माका, ब्राह्मी, जास्वंद उकळलेली. आदल्या रात्री टाळूवर थापून मुरवलेले हे तेल थंड पाण्याने हलत नाही. त्यासाठी पाणी कढत लागते. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रोज अभ्यंग करावा, डोक्याला, कानाला, तळपायांना तेल विशेष लावावे, असे आयुर्वेदकार वाग्भटाने सांगितले. पण त्यानेच पुढे बजावले, की ऊन पाणी मानेखालच्या अंगाला बळ देते आणि डोक्यावर ओतले तर केसांचे व डोळ्यांचे बळ हरते. आपल्या घरांनी पहिली आज्ञा पाळली आणि दुसरी सरळ बाजूला ठेवली. न्हाण्याच्या पद्धतीला आयुर्वेदाची परंपरा म्हणताना ही विसंगती कोणी पाहत नाही. ग्रंथातून उतरलेली ही चाल नसून तेल उतरवण्याच्या गरजेतून घडलेली आहे, असे मी त्यावरून म्हणते. त्या गरजेसाठी तांब्याचा बंब हवा, बंबाला शेणी, लाकडे, करवंट्या हव्यात, विसवणाला घंगाळ हवे. शेंगा वाळवून, गव्हला-कचोरा, नागरमोथा, आवळकाठी घालून कुटायला हव्यात, नाहीतर आदल्या दिवशी भिजत घालून उकळायला हव्यात. केसांतून भुसा निघेपर्यंत तांब्यामागून तांब्या ओतायला दुसऱ्या बाईचे हात हवेत, कारण डोळे मिटून, वाकून बसलेल्या बाईला स्वतःचे लांब केस स्वतः नीट धुता येत नाहीत. मराठीत ‘न्हाऊ घालणे’ हे नेहमी दुसऱ्याने करायचे काम आहे. मग परसात किंवा गच्चीवर ऊन हवे, पावसाळ्यात शेगडीवर उदाची नाहीतर ओव्याची धुरी हवी, आणि या सगळ्याला अर्धा दिवस हवा. जळण, पाणी, हात आणि वेळ या चार गोष्टी घरात होत्या तोवर शिकेकाईला तोड नव्हती.

हे घर कोणाचे होते, हेही सांगितले पाहिजे. वाड्यातल्या सुवासिनींच्या न्हाण्याचे वर्णन ‘मराठी बाईची परंपरा’ म्हणून दिले जाते तेव्हा मला ते खटकते. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर घागर बुडवायची बंदी होती, ज्यांच्यासाठी 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हाच सत्याग्रह ठरला, त्या घरांतल्या बायकांना घंगाळभर कढत पाणी कुठले? शेतावर राबणाऱ्या असंख्य बायकांनी डोके मातीने, डाळीच्या पिठाने, मिळाला तर रिठ्याने धुतले आणि तेल दिव्यातले वाचले तर लावले. वाड्यांतही सगळ्यांचे न्हाणे सारखे नव्हते. ज्या विधवांचे केशवपन झाले त्यांना या साऱ्या सोहळ्यातून कायमचे वगळले होते. न्हाण्याचे दिवस धर्माने ठरवले होते, जळणाने आणि पाण्याने नव्हे, असा एक आक्षेप येईल. पाळीच्या चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाणे सक्तीचे होते, नरकचतुर्दशीला पहाटेच न्हायचे होते. इथे आर्थिक हिशेब चालत नाही, हे मी मान्य करते. पण अमुक वारी, अमुक तिथीला न्हाऊ नये या बाकीच्या नियमांची यादी घराघरात वेगळी असे, आणि तिचा एकंदर परिणाम एकच होता: जे काम एवढे पाणी आणि एवढे सरपण खाते, ते महिन्यात मोजक्याच वेळा होई.

ही मांडणी मोडायला सुरुवात झाली ती शाम्पूच्या कितीतरी आधी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरण्यांना 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने बायकांच्या कामाचे तास अकरावर आणले. गिरणीत जाणाऱ्या बाईचे न्हाणे तिथी-वारावरून उठून रविवारवर आले. पुढे शाळेत जाणाऱ्या मुली, शिक्षिका, परिचारिका, टायपिस्ट सगळ्यांचेच आले. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बंब मावत नव्हता. मोरी एवढीशी, नळ ठरल्या वेळेपुरता, आणि तांब्या ओतणारी जाऊ किंवा नणंद गावी. मधल्या काळात शिकेकाईच्या साबणवड्या निघाल्या, डंकावर शिकेकाई दळून मिळू लागली. या तडजोडी पाहिल्या की बायका जुन्या वस्तूला सोडायला तयार नव्हत्या हे स्पष्ट होते. त्या तिला आकसलेल्या जागेत आणि वेळेत बसवू पाहत होत्या. ते जमेना, आणि नेमक्या त्या वेळी जड पाण्यातही साका न धरणारे कृत्रिम अपमार्जक हाताशी आले. अमेरिकेत तसा पहिला शाम्पू 1934 साली निघाला. आपल्याकडे कपड्यांसाठी सर्फ 1959 मध्ये आणि केसांसाठी सनसिल्क 1964 मध्ये. साबणाला जे साधले नव्हते ते या द्रव्याला साधले. गार पाण्यात, दहा मिनिटांत, दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय, चोपडलेले तेल निघू लागले. तरी बाटली महाग होती. तमिळनाडूतल्या कडलूरहून 1980 नंतर छोट्या पुड्या आल्या, ‘चिक’ शाम्पूची 1983 मध्ये, आणि 1999 साली ती पुडी पन्नास पैशांना मिळू लागली. मग शाम्पू गावच्या किराणा दुकानात दोरीला लटकला आणि जिच्या घरी बंब कधीच नव्हता तिच्याही हातात पडला. जाहिरातींनी काहीच केले नाही असे नाही. पण जाहिराती साबणाच्याही होत्या, भरपूर होत्या, आणि त्यांनी शिकेकाई हलली नव्हती. जाहिरात फळली ती घरातली व्यवस्था मोडल्यावर. तेलाचे प्रमाणही मग घटले, ते स्वाभाविक होते. जास्त वेळा धुता येणाऱ्या केसांना आठवडाभर टिकणाऱ्या तेलाची गरज उरली नाही.

आता शिकेकाई पुन्हा ‘रसायनमुक्त’ म्हणून विकली जाते. हा शब्द खोटा आहे आणि तिची खरी थोरवी झाकणारा आहे. शिकेकाईतले सॅपोनिन हे रसायनच. म्हणूनच तेल निघते, डोळे झोंबतात, दळताना शिंका येतात. त्याच जातीच्या द्रव्याने भरलेला रिठा डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीतही होती. शाम्पूने लांब केसांच्या बाईला रविवारचा अर्धा दिवस परत दिला, हे तिच्या बाजूने पाहणाऱ्याने नाकारू नये. ज्यांना शिकेकाई परत हवी आहे त्यांनी बाटलीवरच्या शेंगेच्या चित्रापेक्षा सह्याद्रीतल्या काटेरी वेलीकडे पाहावे. हिवाळा सरताना कातकरी, ठाकर, महादेव कोळी माणसे तिच्या शेंगा हात ओरबाडून घेत उतरवतात आणि आठवडी बाजारात विकतात. 1878 च्या वन कायद्याने सरकारी झालेल्या रानातल्या या गौण उपजावर त्यांचा मालकी हक्क 2006 च्या वनाधिकार कायद्याने मान्य केला आहे. त्या शेंगेला तिथे, पाटीवर, काय भाव मिळतो हा प्रश्न शिकेकाईच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि केसांवर लिहिणाऱ्यांनी तो अजून पुरेसा विचारलेला नाही.