धरण १९२६चं, कायदा १९७६चा

काजवे बघायला भंडारदऱ्याला आपण हौसेने जातो. आज मी तिथल्या पाण्याखाली गेलेल्या शेतांबद्दल बोलणार आहे.

प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१०मध्ये सुरू झालं आणि १९२६मध्ये संपलं. दरीतली शेतं बुडाली. तेव्हा लागू होता १८९४चा भूसंपादन कायदा. त्यात जमिनीचे पैसे मिळायचे, पण जमिनीच्या बदल्यात जमीन दिलीच पाहिजे अशी सक्ती नव्हती. म्हणजे पैसे घ्या आणि नवा मुलूख स्वतः शोधा!

अडवलेलं पाणी कालव्यांनी खाली गेलं. तिथे ऊस पिकला, पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाण्याने एकाचं शेत बुडवलं, दुसऱ्याचं भिजवलं.

ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांना त्याच धरणाच्या लाभक्षेत्रात जमीन द्यायची तरतूद महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यात आली १९७६ साली. भंडारदरा धरण बांधून तोवर ५० वर्षं झाली होती.

माझ्या मते, शेतकऱ्याला नव्याने उभं राहायला पैशाइतकीच माती लागते. तुमच्या घरात कुणाचं गाव धरणात गेलंय? आजी-आजोबांना विचारा आणि त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.