परसातून लॉनवर, लॉनवरून परसात

कोकणात जुन्या घराच्या मागल्या दारी बागेची सुरुवात न्हाणीघरापासून व्हायची. मोरीतून निघालेले पाणी आधी अळूत शिरायचे, तिथून कर्दळीला आणि उरलेसुरले केळीच्या बुंध्याशी जिरायचे. पुढच्या अंगणात तुळस आणि पूजेपुरती जास्वंद, तगर, अबोली. मागे मांडवावर दुधी, पडवळ. पडवळ वेटोळे घेऊ नये म्हणून कोवळ्या फळाच्या टोकाला सुतळीने खडा बांधायचा. चार दिवसांत ते काठीसारखे सरळ लोंबू लागे. या बागेचा नकाशा कुणी कागदावर काढला नाही. पाणी जिकडे गेले, तिकडे ती वाढली.

लॉनचा थाट आपल्याकडे आला तो साहेबाच्या बंगल्याबरोबर. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गिरणीत कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून गवत कापायचे यंत्र बनवले. योगायोग असा, की आज पुण्याची एम्प्रेस गार्डन सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीही त्याच सालची. तिच्या पुष्पप्रदर्शनातल्या कुंड्या पाहून घरची बाग सजवणाऱ्या पुणेकरांच्या पिढ्या झाल्या.

आता पावसाचा हिशेब पाहा. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, लंडनला त्याहूनही कमी. पण तिकडचा पाऊस बारा महिने झिमझिमतो. इकडचा बहुतेक चार महिन्यांत उरकतो. मग उरलेले महिने गवताला पाइप धरा!

हल्ली बंगल्यांच्या बागा आखणारे 'एडिबल लँडस्केप' (खाण्याजोगी बाग), 'ग्रे वॉटर' (न्हाणी-मोरीचे सांडपाणी), 'देशी झाडे' असे शब्द वापरतात. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे आजीचे परसूच. तिसरीबाबत मात्र जरा जपून बोलावे. पेरू आणि पपई मूळच्या अमेरिकेतल्या, देवचाफाही तिकडचाच, आणि न्हाणीघरामागची ती कर्दळसुद्धा. परसाने झाडाचे गोत्र कधी विचारले नाही. ते आहे त्या पाण्यावर तगते का, एवढेच पाहिले.

एक फरक मात्र पडला आहे. तेव्हा भांडी राखेने घासत, केस शिकेकाईने धूत. आजचे साबणाचे पाणी जसेच्या तसे भाजीला सोडणे बरे नव्हे. ते आधी गाळून, निवळून घ्यावे लागते. तेव्हा यंदा लॉनचे गालिचे मागवण्याआधी घराला एक चक्कर मारा आणि सांडपाण्याचा पाइप कुठे उतरतो, तेवढे बघून या.